नऊ वर्षं अडलेला श्वास

एका राज्यात नऊ वर्षं एकच भोपळा शिजत होता. संध्याकाळी तो चिरावा, मेथीचे दाणे घालून भाजी करावी, बोटं चाटून खावी, आणि सकाळी परसात जाऊन पाहावं तर तोच भोपळा, त्याच वेलावर, त्याच डाव्या कुशीवर निजलेला. घरोघरी असा एकेक भोपळा. शेतात भात उभा, पण दाण्यात नुसतं दूध. आकाश निळं, ऊन कोवळं, वारा बेताचा, बांधावर तेरडा फुललेला. आश्विनातला एक दिवस त्या राज्यात पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला.

सूर्य उगवे, सूर्य मावळे, ऋतू मात्र हलेना. लोकांनी भिंतीवर रेघा मारून वर्षं मोजली. कुणी वाढेना, कुणी म्हातारं होईना. पहिलं वर्ष लोकांनी आनंदात काढलं, दुसरं भोपळ्यात. मग हळूहळू ध्यानात आलं, की आतलंही काही हलत नाहीये. ऋतू अडला त्याच दिवशी कोष्ट्याच्या बायकोचा भाऊ वारला होता. तिचा हुंदका घशात आला तो तिथंच राहिला. दोघा भावांचं भांडण लागलं होतं. थोरल्याचा राग नाकाच्या शेंड्यावर चढला तो नऊ वर्षं खाली उतरला नाही. एका तेल्याला शिंक येत होती. ती अजून येतच होती. सगळे जण श्वास घेत तोही गळ्यापुरता, अर्धामुर्धा. आणि ज्याला धड रडता येत नाही, धड रागावता येत नाही, तो काय करतो? शेजाऱ्याचं तोंड न्याहाळत बसतो. 'हा हसतोय, याला काय ठाऊक आहे?' सगळं राज्य असं एकमेकांकडे डोळे बारीक करून बघत होतं.

त्या राज्यात बयजा नावाची सुईण होती. संशय हा तर तिचा धंदाच. सुईणीला बोलावतात तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस काहीतरी लपवत असतं, हे तिला चाळीस वर्षांत पुरतं कळलं होतं. सासू दिवस कमी सांगते, सून जास्त सांगते, आणि नवरा म्हणतो मला काहीच ठाऊक नाही. त्यामुळे बयजाला कुणी हात जोडले तरी ती आधी बघे, हातात काय आहे. तिचा स्वतःचा उजवा हात मात्र नऊ वर्षं मुठीत आखडलेला होता. मूठ गार असे, बर्फासारखी. वात आहे म्हणायची. तेल चोळायची, शेक द्यायची, लोकांसमोर दोनदा विव्हळायची. ती वात म्हणते, तर आपणही तूर्त वातच म्हणू.

राज्याचा राजा रत्नकेतू. तो सिंहासनावर बसलेला, गाल किंचित फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. नऊ वर्षांमागे त्याने एक श्वास आत घेतला होता आणि अजून सोडला नव्हता. ऋतू त्यामुळेच अडले, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण राजाने श्वास रोखला कशासाठी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. राजापुढे धूळपाटी असे. काही विचारलं की तो तिच्यावर बोटाने लिही. नऊ वर्षं त्याने एकच शब्द लिहिला : 'थांबा.'

आणि राणी पद्मगंधा? तिचे दिवस त्याच दिवशी भरले होते. पहिली कळ आली, अर्ध्यात आली, आणि तिथंच राहिली. नऊ महिन्यांवर नऊ वर्षं.

"बयजा, पाठ."

"चोळते, राणीसाहेब."

"नऊ वर्षं चोळते आहेस."

"होय."

"बाळ जड झालंय की मीच थकले?"

बयजा डाव्या हाताने पाठ चोळत राहिली.

त्या राज्यात चाल अशी होती, की बाळंतीण अडली तर घरातलं जे जे बंद ते ते उघडायचं. कुलपं काढायची, पेट्या उघड्या टाकायच्या, वेण्या सोडायच्या, गुरांची दावी सोडायची, लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला बांधलेले दादरे काढायचे. घर मोकळं, तर बाई मोकळी. बयजाने पहिल्याच आठवड्यात अख्खा राजवाडा मोकळा केला होता. तिजोऱ्या उघडल्या, तोफांच्या तोंडातले बोळे काढले, हत्तींचे साखळदंड काढले. शिपायांच्या कमरेचे पट्टेसुद्धा सोडायला लावले. त्या दिवशी दरबारात सलामीच्या वेळी काय झालं, ते बायामाणसांत सांगण्यासारखं नाही. प्रधानाची गुप्त पेटी फोडली, तर आत केसांचा टोप निघाला. सगळं उघडलं, पण राणी तशीच. म्हणजे काहीतरी अजून बंद होतं. कुणीतरी लपवत होतं.

एके सकाळी बयजा दरबारात गेली, तर राजाच्या अंगावर गळ्यापर्यंत मखमल घातलेली. तिने विचारलं, "ही मखमल कशाला?"

प्रधान म्हणाला, "शोभेला."

शोभा म्हटली की बयजाचे कान टवकारत. तिने मखमल उचलली. राजाची पावलं दगडाची होती. गुडघे दगडाचे, मांड्या दगडाच्या, कंबर दगडाची. पावलं दगड झाली तेव्हा प्रधानाने रुमाल घातला होता, गुडघे झाले तेव्हा शाल, आणि आता राज्यातली मखमल संपत आली होती. दगड छातीच्या वरच्या फासळीला टेकला होता. बयजाने बोटांनी मोजलं. दुसऱ्या सकाळी परत मोजलं.

"आता रोज दोन बोटं चढतो," ती राणीला म्हणाली. "गळ्याला दोनच राहिली."

"गळा दगड झाला तर?"

"श्वास आतच राहील, राणीसाहेब. कायमचा."

"आणि मी?"

"अशीच. कायमची."

राणीने पोटावर दोन्ही हात ठेवले. "मग काहीतरी उघड, बयजा."

राजाच्या बागेत एका बकुळीवर साळुंकी राहत असे. तिला सगळं ठाऊक असे. पण तिला शाप होता, शिवी दिल्यावाचून तिचा कंठ फुटत नसे. दरबारचे पंडित नऊ वर्षं तिला 'हे विहंगराज्ञी' म्हणत आले आणि बदल्यात डोक्यावर जे पडायचं ते घेऊन परत गेले. बयजा झाडाखाली उभी राहिली.

"अगं ए चोंबडे, करपल्या भाकरीच्या रंगाचे, उतर खाली!"

"आले, आले!" साळुंकी पंख फडफडवत खालच्या फांदीवर आली. "किती वर्षांनी कुणी मायेनं बोललं."

"राजवाड्यात अजून काय बंद आहे?"

"तीन गोष्टी."

"कुठल्या?"

"शिवी शिळी झाली, म्हातारे."

"वाकड्या चोचीची अवदसा, पिसंझडकी, कावळ्यांनी टाकलेली, बोल!"

"आहाहा. दोन रांजण मांत्रिक कंकोळाच्या गुहेत. तिसरी गोष्ट तोच सांगेल."

"तू का नाही सांगत?"

"त्या मोलाची शिवी तुला येत नाही."

बयजाचे डोळे बारीक झाले. हे पाखरू मला मांत्रिकाकडे का धाडतं? दाणे कुणाचे टिपतं? तिने नाळ कापायची सुरी कमरेला खोचली, पदरात मीठ बांधलं आणि निघाली. साळुंकीही वरून निघाली. बयजाला तेही आवडलं नाही.

गुहेच्या वाटेवर दगडाचे पुतळे उभे होते. नऊ वर्षांत जे जे वीर राजाला सोडवायला गेले, ते ते तिथं उभे राहिले होते. कुणाच्या हाती तलवार, कुणाच्या हाती गदा, एकाच्या हाती अर्धं डाळिंब. बयजा प्रत्येकाभोवती फिरली. बोटाने ठोकून पाहिलं, मिशा ओढून पाहिल्या. सगळ्यांच्या छात्या पुढे आलेल्या, गाल फुगलेले, ओठ दाबलेले.

"काय गं बघतेस?" साळुंकीने विचारलं. शिवी दिली नव्हती तरी विचारलं. सकाळची अजून पुरत होती.

"पहिलटकरणी," बयजा म्हणाली. "पहिल्या कळेला अगदी अश्शाच तोंड मिटून घेतात. कितीही ओरडा, ऐकत नाहीत."

गुहेच्या तोंडाशी धूर होता, कवट्या होत्या, आणि धुरात मांत्रिक कंकोळ बसला होता. त्याची दाढी त्याच्यापासून सात हात पुढे येऊन पसरली होती.

"कोण तू? मरणाला भीत नाहीस?"

"भिते. रांजण दाखव."

"तीन कामं करावी लागतील, सुईणबाई."

"सांग."

"पहिला रांजण उघड. दुसरा उघड. तिसरं मग सांगेन."

"आत आहे काय?"

"ऋतू. नऊ वर्षं दरसाल सीमेवर यायचे, बाहेरच तिष्ठत राहायचे. शेवटी मी कोंडून ठेवले. जो उघडतो त्याच्या अंगावर ते येतात, आत जेवढं साचलंय तेवढं घेऊन."

"तू का नाही उघडत?"

मांत्रिकाने दाढी आवरली, पसरली, परत आवरली. बयजाने ते मनात टिपून ठेवलं.

पहिल्या रांजणाचं झाकण तिने डाव्या हाताने काढलं. आतून नऊ उन्हाळे एकदम बाहेर आले. गुहेतल्या कवट्या तडकल्या, धूर वाळून खाली पडला, आणि बयजाच्या टाळूपासून तळव्यापर्यंत राग भरला. असा राग तिला कधी आला नव्हता. पाटलिणीची जुळी सोडवली आणि तिने एकच लुगडं दिलं, तेही उसवलेलं! प्रधान तिला नऊ वर्षं 'ए सुईण' म्हणतो! आणि सासू, सासू तर... बयजाने दात आवळले, छाती भरून श्वास घेतला आणि तो धरून ठेवला, की आता सोडते ती शिव्यांसकटच सोडते. तेवढ्यात डाव्या पायाचा अंगठा गार झाला. खाली पाहते तो दगडाचा.

तेव्हा तिला बाहेरचे फुगलेले गाल आठवले. आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेलं ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला सांगू लागली.

"आली, येऊ दे. नाकाने घे. तोंडाने सोड. धरायची नाही, ढकलायची नाही. कळ आहे ही. वर चढेल, मग उतरेल. वर राहायला तिला जागाच नसते."

तिने श्वास सोडला. राग गेला नाही. आणखी एक घेतला, सोडला. राग वाढला, सासू तर प्रत्यक्ष समोर येऊन उभी राहिली. बयजा सासूकडे बघत राहिली आणि श्वास घेत राहिली, सोडत राहिली. किती घेतले ते तिने मोजले नाहीत. शेवटी सासू कंटाळून निघून गेली. लुगडं तेवढं राहिलं. लुगडं वाईटच होतं. पण तीन वर्षं नेसली होती. बयजाला हसू आलं. उन्हाळे गुहेबाहेर जाऊन निमूट सावलीत बसले, आणि तिचा अंगठा पुन्हा मांसाचा झाला.

"एक," मांत्रिक म्हणाला. त्याचा आवाज जरा कापरा होता.

दुसऱ्या रांजणात पावसाळे होते. झाकण हलताच गुहेत पाणी नाही, पण ओल आली. भिंती पाझरू लागल्या, आणि बयजाला तिची म्हैस आठवली. काळी, कपाळावर चांद, शिंगं मागे वळलेली. सोळा वर्षांमागे पुरात गेली होती. बयजा म्हशीसाठी रडू लागली. साळुंकीला मौज वाटली.

"म्हशीसाठी एवढं?"

"गुणाची होती गं. एका हाकेत यायची."

"मग आली नाही?"

"नाही आली. म्हणून तर हे तिला आणायला गेले..." आणि बयजा थांबली. म्हशीच्या मागोमाग पाण्यात उतरलेला नवरा तिला दिसला, धोतराचा सोगा खांद्यावर टाकलेला, 'आलोच' म्हणणारा. सोळा वर्षं ती गावाला म्हशीचंच सांगत आली होती. तिचा श्वास घशाशी अडला. पायाची दोन बोटं दगड झाली.

साळुंकीने चोच पंखात खुपसली. तीही शहाणी होती, पाखराच्या मानाने.

बयजाने श्वास सोडला, तो आवाज करत सोडला. रडली, श्वास घेतला, परत रडली. मधे एकदा वाटलं संपलं, तर नव्याने आलं. मग तेही गेलं. दुःख संपलं नाही. ते तिच्या शेजारी येऊन भिंतीला टेकून बसलं, घरातल्या जाणत्या माणसासारखं. पाय मोकळे झाले.

"दोन," मांत्रिक म्हणाला.

बयजाने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि सुरी काढली.

"आता मला सांग. ही गाठ तूच मारलीस ना? ऋतूंची?"

"मीच."

"मग सोडायचा मंत्र म्हण."

मांत्रिक दाढीत शिरू लागला. बयजाने दाढीवर पाय दिला.

"म्हण!"

"येत नाही!" मांत्रिक कंकोळ एकदम रडवेला झाला. "बाई, येत नाही. गाठ मारायचा मंत्र गुरूंनी सोमवारी शिकवला. सोडायचा मंगळवारी शिकवणार होते. मंगळवारी पहाटे गुरूंना वाघाने नेलं. राणीसाहेबांना कळ आली तेव्हा मी त्यांच्या दाराशी होतो. महाराजांनी घाबरून श्वास रोखला. मला वाटलं, बरं वाटेपर्यंत क्षणभर गाठ मारू, वाईट काही पुढे येणार नाही. मारली. नऊ वर्षं मी कवट्या मांडून बसलोय, म्हणजे कुणी विचारायला येणार नाही."

बयजाने सुरी खाली घेतली. चाळीस वर्षांत तिला इतकं साधं खोटं भेटलं नव्हतं. पण एक प्रश्न उरला होता.

"महाराज घाबरले कशाने?"

"त्यांनी एक चेहरा पाहिला."

"कुणाचा?"

"तिसरं काम तेच आहे. हिवाळा माझ्याकडे नाही, सुईणबाई. तो कुणाच्या तरी हातात आहे." मांत्रिक तिच्या उजव्या मुठीकडे बघत होता. "ती उघडा."

"वात आहे," बयजा म्हणाली.

"वात आहे! वात आहे!" साळुंकी वरून ओरडली. "नऊ वर्षं नुसती वात!"

बयजाने सुरी उचलली, पदर खोचला, पुतळ्यांच्या वाटेने दहा पावलं चालून गेली आणि थांबली. सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. प्रधानावर, मांत्रिकावर, पाखरावर, एकदा तर राणीवरही. एक माणूस राहिलं होतं.

ती डाळिंबवाल्या पुतळ्याच्या पायाशी बसली. मूठ मांडीवर ठेवली. मुठीतून थंडी निघाली, दातांवर दात वाजू लागले, आणि भीती आली. रागात निदान श्वास सापडत होता. इथं तो सापडेना. कुठे गेला तो? पोटात? पाठीत? नाकाशी काहीतरी बारीक हलत होतं, दोऱ्याएवढं. बयजाने तो दोरा धरला. घेतला, सोडला. करंगळी उघडली. पुढचा श्वास. दुसरं बोट. मधल्या बोटाला तीन श्वास लागले.

मूठ उघडली. आत काहीच नव्हतं. तळव्यावर थोडं दव होतं, बस. आणि तो दिवस होता.

राणीला पहिली कळ आली होती. राजा उशाशी उभा होता. बयजाने उजवा हात राणीच्या पोटावर ठेवला, बाळाची हालचाल लागते का पाहायला. तिच्या आईने तिला शिकवलं होतं, बाईचे तीन श्वास पुरे होईतो हात उचलायचा नाही. बाळ निजलेलंही असतं. एका श्वासात काही लागलं नाही. बयजाच्या कपाळाला आठी पडली. आणि दुसरा श्वास यायच्या आत, न जाणो काय कळेल म्हणून, तिने हात काढून घेतला आणि मूठ मिटली. कुणाला काही बोलली नाही. राजाने आठी पाहिली, आणि श्वास रोखला.

"सापडला का चोर?" साळुंकीने हळूच विचारलं.

"सापडला," बयजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात पोचली तेव्हा दगड गळ्याच्या खळगीला लागला होता. राजाचा उजवा हात तेवढा कोपरापासून हलत होता. बाहेर तेच कोवळं ऊन होतं, तेच निळं आकाश.

"महाराज, श्वास सोडा."

राजाने लिहिलं : 'थांबा.'

"थांबलो, महाराज. नऊ वर्षं थांबलो. त्या दिवशी बाळाची हालचाल माझ्या हाताला लागली नाही. पण मी तीन श्वास थांबले नाही, एकालाच हात उचलला. भ्याले. माझी आठी पाहून आपण भ्यालात."

दरबारात कुजबुज उठली. राजाचं बोट धुळीवर फिरलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने दुसरं काही लिहिलं : 'बाळ जिवंत आहे?'

"ठाऊक नाही."

"अगं, हो म्हण!" प्रधान कानाशी येऊन फुसफुसला. "ए सुईण! सुळावर जायचंय का?"

"मी कुठल्याच बाईला दुखणार नाही असं सांगत नाही, प्रधानजी. दुखेल म्हणते. आणि थांबेल म्हणते. आजवर दोन्ही खरं ठरलंय."

राजाने लिहिलं : 'वाईट असेल तर?'

"तर रडू. मीही रडेन. रडू येईल, चढेल, उतरेल. मग राग येईल, तोही उतरेल. मग कधीतरी हसू येईल, आणि महाराज, तेही राहणार नाही. काल दोन रांजण अंगावर घेऊन आले आहे. राहत काहीच नाही. आपण धरलं तेवढंच राहतं."

तिने उघडा उजवा हात राजाच्या दगडी छातीवर ठेवला. प्रधानाने डोळे मिटून घेतले.

"मी घेते, तसं नका घेऊ. तुम्ही घेतलेलाच आहे. मी सोडते, तसा सोडा. हळू. ढकलू नका. जाऊ द्या."

बयजाने सोडला. राजाने ओठ घट्ट केले. बयजाने परत घेतला, परत सोडला. राजाच्या डोळ्यांत पाणी भरलं. तिसऱ्या वेळी राजाचे ओठ विलग झाले.

आधी अगदी बारीक आवाज आला, फुंकरीसारखा. मग पडदे हलले. मग दरबारातली निशाणं फडकली, मग दारं आपटली, आणि राजाच्या तोंडून नऊ वर्षांचा श्वास सुटला. त्या एका श्वासात राज्यावरून नऊ उन्हाळे, नऊ पावसाळे, नऊ हिवाळे गेले. भात पिकला, सांडला, पुन्हा उगवला, पिकला. आंबे मोहरले. भोपळे पिवळे होऊन वेलांवरून गडगडत गेले. कोष्ट्याच्या बायकोचा हुंदका फुटला आणि शेजारणी धावत आल्या. थोरल्या भावाने धाकट्याच्या एक लगावली, धाकट्याने एक लगावली, मग दोघे गळ्यात पडले. तेली शिंकला. ती शिंक तीन गावांना ऐकू गेली.

आणि आतून राणीचा आवाज आला. अर्ध्यावर राहिलेली कळ पुरी झाली होती.

बयजा धावली. आत काय झालं ते बायकांना ठाऊक आहे आणि पुरुषांनी विचारू नये. दोन घटकांत बाळ बाहेर आलं. मुलगी. पण ती रडेना. हलेना.

दाराबाहेर राजा उभा होता, नुकत्याच सुटलेल्या पायांवर. त्याने आत पाहिलं. प्रधानाने पाहिलं, दासींनी पाहिलं. सगळ्यांच्या छात्या वर आल्या, गाल फुगू लागले. राजाच्या पायाचं नख परत दगडासारखं पांढरं पडलं.

"खबरदार कुणी श्वास धराल तर!" बयजा कडाडली. "सोडा! राणीसाहेब, तुम्हीही! माझ्याबरोबर!"

तिने उजवा हात बाळाच्या पाठीवर ठेवला आणि चोळू लागली. राणीने श्वास घेतला, सोडला. एक. हाताला काही लागलं नाही. बयजाच्या कपाळाला आठी आली. यावी, भीती आली की ती येतेच. हात तिने उचलला नाही. राणीने श्वास घेतला, सोडला. दोन. काही नाही. बाहेर सगळा राजवाडा सुईणीच्या तालावर श्वास सोडत होता. प्रधानाचा टोप त्या वाऱ्याने सरकला तरी त्याने सावरला नाही. राणीने तिसरा श्वास घेतला, आणि तो अर्धा सुटतो न सुटतो तोच बयजाच्या तळव्याखाली काहीतरी फुललं, पाकोळीएवढं.

मुलीने श्वास घेतला. मग अशी किंचाळली, की साळुंकी झाडावरून खाली पडली.

राजाने सोडलेल्या श्वासातलाच थोडा तिने आत ओढला, असं लोक सांगतात. लोकांवर विश्वास ठेवू नये.

राजा रडला, मग हसला. मग नऊ वर्षं ही गोष्ट पोटात ठेवली म्हणून बयजावर भयंकर संतापला, आणि तेवढ्यात मुलीने त्याच्या अंगरख्यावर धार सोडली, तेव्हा तो रागही वाहून गेला. बयजाने हात जोडले. हातात काय आहे, हे त्या दिवशी कुणालाच बघावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी नऊ वर्षांचं वय सगळ्यांना एकदम आलं. प्रधानाचे गुडघे कुरकुरले, पोरांचे आवाज वाक्याच्या मधेच फुटले, कित्येकांच्या विजारी अपुऱ्या पडल्या. वाटेवरचे वीर मांसाचे होऊन परतले आणि आपण असतो तर हे कधीच झालं असतं असं प्रत्येकाने सांगितलं. डाळिंबवाल्याने आधी डाळिंब संपवलं. मांत्रिक कंकोळाची दाढी कापून राजाने त्याला बयजाच्या हाताखाली दिलं. जिथं बाळंतीण अडेल तिथं जाऊन त्याने कुलपं काढायची आणि गाठी सोडायच्या. पहिलं वर्षभर त्याला लोणच्याच्या बरण्यांपलीकडे जाऊ दिलं नाही. साळुंकीचा शाप मात्र तसाच राहिला. बयजाने एकदा लाडाने 'गुणाची गं माझी बाय' म्हणून पाहिलं, तर ती दोन महिने रुसून बसली.

आणि तेव्हापासून त्या राज्यात ऋतू पालटायच्या दिवशी राजा सिंहासनावरून उतरून दरबारात खाली बसतो आणि सगळ्यांदेखत तीन श्वास घेतो, तीन सोडतो. गेला त्याला जा म्हणत नाही, आला त्याला थांब म्हणत नाही. धूळपाटी त्याने मुलीला दिली. तिने तिच्यावर पहिलं चित्र भोपळ्याचं काढलं.

राजा-राणीचं गाडं मार्गी लागलं, तसं ऐकणाऱ्यांचंही लागो. बाळ रडेना तेव्हा इथं ज्यांनी ज्यांनी श्वास धरला होता, त्यांनी तो आता सोडावा. मान कशाला फिरवता? गाल दिसतात.